थांब भो, भरताच्या वांग्यात ९२ हजार जीन्स नसतात

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की यावलकडच्या भरीत वांग्याच्या जीनोमची (सगळ्या डीएनएची) इल्युमिनाच्या शॉर्ट रीड्सवर, म्हणजे डीएनएचे छोटे वाचलेले तुकडे जोडून, असेंब्ली केली, त्यावर ऑगस्टस हे जीन्स शोधणारं सॉफ्टवेअर अरॅबिडॉप्सिस या दुसऱ्याच झाडाच्या सेटिंगवर चालवलं, ९२ हजार जीन्स आले, प्रोटीन्सवर बुस्को (असायलाच हवेत अशा जीन्सपैकी किती सापडले त्याची चाचणी) ७१ टक्के, आता हा आकडा थीसिसमध्ये टाकू का दुसरं टूल घेऊ. टाकू तर नकोच. आणि टूल बदलायची घाई पण करू नको, कारण दुखणं टूलमध्ये नाहीये, टूलला तू जे खायला घातलं त्यात आहे.

पहिले आकड्याचं बघू. टोमॅटोचा जीनोम २०१२ ला आला, त्यात ३४,७२७ जीन्स. वांगं टोमॅटोच्याच घरातलं, आणि त्याचे अलीकडचे चांगले जीनोम पण ३५-३६ हजाराच्या आसपासच आहेत. पण गंमत म्हणजे २०१४ ला वांग्याचा जो पहिला ड्राफ्ट आला त्यात ८५,४४६ जीन्स दिलेले होते! तो ड्राफ्ट ३३,८७३ स्कॅफोल्डमध्ये (जोडलेल्या तुकड्यांमध्ये) होता आणि जीनोमचा साधारण ७४ टक्केच भाग त्यात आला होता, म्हणजे जीनोम अपुरा आणि जीन्स दुपटीहून जास्त. असेंब्लीचे तुकडे पडले की एकच जीन दोन-तीन तुकड्यांवर जातो आणि प्रत्येक तुकडा वेगळा जीन म्हणून मोजला जातो. तुझी असेंब्ली निव्वळ शॉर्ट रीड्सची आहे, तिथे हे होणारच.

दुसरं, तू रिपीट मास्किंगबद्दल, म्हणजे जीनोममधले परत परत येणारे भाग झाकण्याबद्दल, एक शब्द लिहिला नाहीस, म्हणजे केलंच नसावं. वांग्याचा ७० टक्क्यांच्या आसपास जीनोम रिपीट्सचा आहे आणि त्यात ट्रान्सपोझॉन, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, भरलेले. या ट्रान्सपोझॉनकडे स्वतःचे प्रोटीनचे कोड असतात, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वगैरे. ऑगस्टस काय किंवा १९९७ चं जुनं जेनस्कॅन काय, आतून हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे शक्यतेचं गणित. ते अक्षरांच्या पॅटर्नवरून अंदाज बांधतं की इथे एक्झॉन (जीनचा कोड असलेला भाग), इथून जीटी ही अक्षरं आली म्हणजे इंट्रॉन (मधला कापून टाकला जाणारा भाग) सुरू झाला असेल, इथे एजीला संपला असेल, मधे स्टॉप कोडॉन नाही म्हणजे चालू दे पुढे. हा कोड वांग्याचा का वांग्यात घुसलेल्या ट्रान्सपोझॉनचा, हे त्याला काय माहीत, त्याच्या दृष्टीने दोन्ही जीनच.

तर रिपीटमॉडेलरने तुझ्याच असेंब्लीवरून रिपीट्सची लायब्ररी बनव, मग रिपीटमास्कर चालव, पण सॉफ्ट मास्किंग, म्हणजे रिपीटची अक्षरं स्मॉल लेटरमध्ये जातात, पुसली जात नाहीत. अक्षरांच्या जागी एन टाकून पुसलं तर रिपीटला चिकटलेले खरे जीन्स पण तुटतात. आणि एक गोष्ट ट्युटोरियलमध्ये बहुतेक नसते, ती लायब्ररी तशीच वापरू नको. रोगप्रतिकाराचे एनएलआर जीन्स एकसारखे आणि ढिगाने असतात, त्यामुळे रिपीटमॉडेलर त्यांना पण रिपीट समजतं. लायब्ररी माहीत असलेल्या प्रोटीन्सवर ब्लास्ट कर, म्हणजे जुळवून बघ, जे खऱ्या जीनशी जुळतं आणि ट्रान्सपोझॉनशी जुळत नाही ते काढून टाक. नाहीतर मर रोगावर काम करणारे तुझा डेटा घेतील आणि त्यांना पाहिजे तेच जीन्स त्यात गायब असतील.

मग आरएनए-सेक, म्हणजे चालू असलेल्या जीन्सचा आरएनए वाचणं. नुसत्या पानाचा घेऊ नको, फूल, कोवळं फळ, मूळ सगळं घे, कारण जो जीन पानात चालूच नाही त्याचा पुरावा पानात कुठून मिळणार. फळातून आरएनए काढताना फिनॉलिक्स ही रसायनं त्रास देतात, बफरमध्ये त्यांना धरून ठेवणारं पीव्हीपी टाक. आणि मे महिन्यात सॅम्पल यावलहून जळगावला बर्फाच्या डब्यात घालून एसटीने आणायचे उद्योग करू नको, शेतातच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाक, नाही मिळालं तर निदान आरएनए टिकवणारं आरएनएलेटर तरी. रीड्स हायसॅट२ ने असेंब्लीवर जोड, सोबत ऑर्थोडीबी या डेटाबेसमधली वनस्पतींची प्रोटीन्स दे आणि ब्रेकर३ चालव, ते स्वतःच तुझ्या डेटावर ऑगस्टसला ट्रेन करतं, अरॅबिडॉप्सिसचं सेटिंग लागतच नाही. आरएनएचं जमत नसेल तर निदान ऑगस्टसमध्ये टोमॅटोचं सेटिंग आहे ते तरी घे. हेलिक्सर पण आहे, डीप लर्निंगवालं, त्याला आरएनए लागत नाही पण जीपीयू पाहिजे. लॅबमध्ये जीपीयू रिकामा असेल तर लाव, तुलनेला चांगलं.

आता तुझं दुसरं विचारणं, की एकाच एक्झॉनचे सगळे जीन्स उडवून टाकू का, कोणीतरी सांगितलंय म्हणून. अजिबात नाही. वांगं चिरलं की काळं पडतं, म्हणून आपण पाण्यात टाकतो, ते काळं करणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. याचे जीन्स वांग्यात बरेच आहेत आणि त्यातल्या कितीतरींमध्ये इंट्रॉनच नाही. तुझ्या फिल्टरने पहिले तेच जातील, आणि वांग्याच्या अ‍ॅनोटेशनमध्ये (जीन्सच्या नोंदीत) हेच नसतील तर काय उपयोग. शिवाय ते क्रोमोसोमवर जवळजवळ बसलेले असतात, म्हणून प्रेडिक्टर कधी कधी शेजारचे दोन जोडून एकच लांब जीन करतो आणि मधे खोटा इंट्रॉन घालतो. आयजीव्ही या जीनोम बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाग उघड, आरएनएचे रीड्स वर लाव. खऱ्या इंट्रॉनवर मधे फाकलेले, दोन्ही एक्झॉनला पाय टाकून उभे असलेले रीड्स दिसतात. खोट्यावर एकही नाही, दोन्ही बाजूंना ढीग आणि मधे ओसाड. असे वीस-पंचवीस जीन्स हाताने बघ, गाईडच्या शेजारी बसून बघितले तर आणखी चांगलं. उडवायचेच असतील तर ज्यांना ना आरएनएचा आधार, ना प्रोटीनचा, ना कोणतं डोमेन (प्रोटीनचा ओळखीचा भाग), तेवढेच उडव.

आणि बुस्को ७१ टक्के म्हणजे नेमकं कुठे गळतंय ते आधी शोध. सोलॅनेल्सचा (वांगं-टोमॅटोच्या गणाचा) सेट घे, ओडीबी१० आवृत्तीत तो ५,९५० जीन्सचा, आणि एकदा असेंब्लीवर जीनोम मोडमध्ये चालव, एकदा प्रोटीन्सवर. जीनोमवर ९५ आणि प्रोटीनवर ७१ आलं तर प्रेडिक्शन गंडलंय, वरचं सगळं करून सुधारेल. दोन्हीकडे सत्तरच आलं तर जीन्स असेंब्लीतच नाहीत, मग ब्रेकर कितीही वेळा फिरव, लाँग रीड्सचे (लांब तुकडे वाचण्याचे) पैसे कुठून येतील ते बघावं लागेल.

ते दोन आकडे आणि रिपीटमास्करचं शेवटचं टेबल इथेच टाक, मग कोणता जीन काय करतो त्याचं, म्हणजे फंक्शनल अ‍ॅनोटेशनचं बोलू, त्याचं सॉफ्टवेअर इंटरप्रोस्कॅन आताच लावून ठेवू नको, ९२ हजारावर सर्व्हर आठवडाभर अडकून पडेल आणि बाकीची पोरं तुला शिव्या देतील.