ओळखीचा चेहरा, नवा मुखवटा

प्रश्न : मार्व्हलचा सुपरहीरोंचा चित्रपट ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ १८ डिसेंबर २०२६ रोजी प्रदर्शित होईल, असे जाहीर झाले आहे. ‘आयर्न मॅन’ साकारणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्यात खलनायक डॉक्टर डूम होणार, हे कळल्यापासून आमच्या मित्रमंडळींत उत्सुकतेपेक्षा धास्तीच अधिक आहे. ती रास्त आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रास्त आहे. २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये टोनी स्टार्कने, म्हणजेच आयर्न मॅनने, प्राण दिले, तेव्हा तो निरोप अखेरचा मानूनच प्रेक्षक हळहळले होते, तोच चेहरा परतला, तर त्या बलिदानाचे मोल कमी होईल, ही भीती प्रेमापोटीच वाटते. मात्र १९६२ पासून चित्रकथांत वावरणारा डूम हा लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाचा शासक, विज्ञान आणि जादू या दोन्हींत पारंगत आणि धातूच्या मुखवट्याआड राहणारा आहे. तो मुखवटा पडद्यावरही टिकला, तर अभिनेत्याला आवाज व देहबोली यांवरच भूमिका पेलावी लागेल, आणि मला उत्सुकता आहे ती याचीच. दिग्दर्शन पुन्हा ‘एंडगेम’च्याच रूसो बंधूंकडे आहे, ही जमेची बाजू. मला अधिक चिंता वाटते ती पात्रांच्या गर्दीची. जुने सर्व चित्रपट पाहण्याइतका वेळ नसल्यास ‘एंडगेम’ आणि २०२५ चा ‘फॅन्टास्टिक फोर’ तरी आधी अवश्य पाहावा.