गारांनी शेड फुटली, एजंट म्हणतो क्लेम बसणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धायरीचं रो-हाऊस, गच्चीवर पत्र्याची शेड, त्यात उजेडासाठी पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या, बाजूला सोलर वॉटर हीटर. वळवाच्या पावसात गारा झाल्या, शेड गळायला लागली, सोलरच्या काही नळ्या फुटल्या आणि खालच्या बेडरूमच्या छताला ओल आली. एजंटचं म्हणणं, पॉलिसीत गारपीट हा शब्दच नाही, क्लेम विसरा. शिवाय मुळशीतल्या गावच्या घराची कौलं फुटली आहेत आणि त्या घराला विमा नाही.

एजंटच्या शब्दावर थांबू नका. क्लेम बसतो की नाही हे एजंट ठरवत नाही. मात्र सगळं नुकसान एका गाठोड्यात बांधून मागायला गेलात तर हाती काही लागणार नाही. गारांनी झालेलं कोणतं आणि आधीपासूनचं कोणतं, हे तुम्ही स्वतः वेगळं करून दाखवलंत की अर्धं काम झालं. आमच्या सोसायटीचे आणि नातेवाइकांचे क्लेम हाताळताना मी हेच पाहिलंय. सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीनं नेमलेला माणूस, तासाभरात पाहणी उरकून जातो, त्याच्यासमोर तुम्ही जे मांडाल तेच त्याच्या अहवालात उतरतं.

आधी पॉलिसीचं नाव वाचा. गृहकर्जासोबत बँकेनं दिलेली पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नसते. घराची असेल आणि 1 एप्रिल 2021 नंतर घेतलेली असेल तर बहुतेक ती 'भारत गृह रक्षा' असेल. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर आणि पाणी शिरणं या जोखमी एका कलमात आहेत. गार ही गडगडाटी वादळाच्या ढगातच तयार होते, वादळाशिवाय ती पडत नाही. म्हणून कंपनीला कळवताना नुसतं 'गारांमुळे' लिहू नका. 'अमुक तारखेला, अमुक वाजता गारांसह वादळ आणि जोरदार पाऊस' असं लिहा. याच पॉलिसीत सोलर पॅनल आणि पक्क्या बसवलेल्या पाण्याच्या टाक्या इमारतीचा भाग धरल्या आहेत, त्यामुळे तुमचा सोलर हीटरही मागणीत घाला. फोनवर कळवलंत तरी लगेच मेल करा आणि क्लेम नंबर लेखी घ्या.

आता गच्चीवर. घरातल्या कुणालाही पत्र्यावर चढू देऊ नका, तुम्हीही चढू नका. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवला की फुटतो. शिडीवरून किंवा शेजाऱ्यांच्या गच्चीतून मोबाइल झूम करून फोटो घ्या. सिमेंटचा पत्रा असेल तर फुटलेले तुकडे सुके असताना कापू किंवा झाडू नका, आधी पाणी मारा. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

गारेची तड ताजी असली की कडा स्वच्छ दिसते: सिमेंटच्या पत्र्यात फिकट राखाडी, कौलात विटेसारखी लाल. जुन्या तडीत काळपट धूळ आणि शेवाळ बसलेलं असतं. प्रत्येक तडीचा एक लांबून आणि एक जवळून असे दोन फोटो घ्या, जवळच्या फोटोत दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते नाणं 27 मिमीचं असतं, त्यावरून माप कळतं. कुणी गारांचे फोटो नाण्याशेजारी काढले असतील तर ते सोन्यासारखे जपा.

लोखंडी पत्र्याला नुसते पोचे आले असतील तर पत्रा गळत नाही, आणि पोच्यांवर मोठी रक्कम मागितलीत तर सर्व्हेयर बाकीच्या मागणीकडेही संशयानं बघतो. गळती शोधायची ती जे-बोल्टच्या (पत्रा सांगाड्याला धरणाऱ्या आकड्यासारख्या बोल्टच्या) वॉशरपाशी आणि दोन पत्र्यांच्या जोडावर. वादळानं पत्रा उचलला गेला की वॉशर सुटतो आणि भोक मोठं होतं, ते वादळाचं नुकसान. गंजून झिजलेल्या वॉशरचा खर्च मात्र तुमचा. पॉलिकार्बोनेटचं दुखणं वेगळं. उन्हानं ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं, मग छोटी गारही आरपार जाते. फूट गारेचीच, पण पट्ट्या आधीच जीर्ण होत्या असं सांगून कंपनी रक्कम कापेल. बसवल्याचं बिल शोधून ठेवा.

सोलरच्या फुटलेल्या नळ्या दिसतात, पण तडा गेलेल्या लक्षात येत नाहीत. नळीच्या बुडाशी चंदेरी लेप असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी बाद. शेजाऱ्यांकडे विजेचे सोलर पॅनल असतील तर त्यांनाही सांगा: या पॅनलची ठरलेली चाचणी 25 मिमीच्या बर्फाच्या गोळ्यानं, सेकंदाला सुमारे 23 मीटर वेगानं घेतात. त्याहून मोठी गार पडली असेल तर काच शाबूत असूनही आतले सेल तडकलेले असू शकतात. वीज किती बनते याची आधीची आणि नंतरची नोंद ॲपमधून काढून ठेवा.

बेडरूमच्या ओलीबद्दल मी स्पष्टच बोलतो. आरसीसी स्लॅब गारांनी फुटत नाही. स्लॅब गळतोय म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, कोबा किंवा चायना मोझॅक, आधीच सुटलेला होता, किंवा गारा आणि पाला पावसाच्या पाइपच्या जाळीत अडकून गच्चीत पाणी तुंबलं. तुंबलेल्या जाळीचा फोटो असेल तर त्या पाण्यानं आत झालेलं नुकसान, म्हणजे रंग, फॉल्स सीलिंग, कपाट, जरूर मागा. संपूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र क्लेममध्ये घालू नका. ते देखभालीचं काम आहे, कंपनी नाकारणार, आणि त्यासोबत तुमचा खरा भागही लोंबकळत राहील.

आजूबाजूच्या खुणा विसरू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या चपट्या झालेल्या पात्या, टाकीचं फुटलेलं झाकण, गाडीच्या बॉनेटवरचे पोचे, कुंड्यांतली चिरलेली पानं. पुण्यात गारा फार तुटक पडतात. कोथरूडला सडा पडतो आणि हडपसरला रस्ता कोरडा. म्हणून शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदीत त्या दिवशी गार दिसली नाही तरी तुमच्याकडे ती पडली नाही असं होत नाही. शेजाऱ्यांचे व्हिडिओ आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण अशा वेळी कामाला येतं.

सर्व्हे होईपर्यंत पक्की दुरुस्ती नको. ताडपत्री टाका, तिचं बिल ठेवा आणि मेलमध्ये कळवा की पुढचं नुकसान टाळण्यासाठी तात्पुरती सोय केली आहे. फुटलेले पत्रे आणि नळ्या भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेयरला त्या मोजायच्या असतात आणि भंगाराची किंमत तो तशीही वजा करतो. फॅब्रिकेटरकडून कोटेशन घ्याल ते बाबवार घ्या: पत्रा किती चौरस फूट, नट-बोल्ट, मजुरी, जीएसटी. 'शेड दुरुस्ती, एकूण' असं एका ओळीचं कोटेशन हमखास कापलं जातं.

एक प्रश्न येणारच: शेडला महापालिकेची परवानगी आहे का, आणि विमा घेताना ती दाखवली होती का? उत्तर नाही असेल तर शेडवर वाद होईल. खोटं सांगू नका. सोलर आणि घरातलं नुकसान स्वतंत्र रकमांनी मांडा, म्हणजे शेड अडली तरी बाकीचं अडणार नाही.

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीचा निर्णय. अहवालाची प्रत लेखी मागा. रक्कम पटली नाही तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर सही करण्याआधी कोणती बाब का पटत नाही ते मेलवर कळवा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणारे अधिकारी. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. फक्त कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

मुळशीच्या घराचं काम वेगळं आणि जास्त घाईचं. गारपीट सरकारी आपत्तींच्या यादीत आहे, त्यामुळे तलाठ्याकडे अर्ज देऊन पंचनामा मागा, पोच घ्या. पक्क्या किंवा कच्च्या घराचं किमान 15 टक्के नुकसान असेल तरच मदत मिळते आणि ती थोडी असते. नुसती काही कौलं गेली असतील तर त्यात बसणार नाही. कौलं बदलताना उरलेलीही बोटाच्या पेरानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर केसासारखी तड आहे. ते कौल आत्ताच काढा, नाहीतर जूनमध्ये ओल्या छपरावर माणूस चढवावा लागेल.