चिमे, तुझ्या गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर

चिमे,

परवा गाडीत तू विचारलंस, "पप्पा, तुम्ही मिसला ती भारतीय मुलांची पुस्तकं कशाला दिली? दिवाळीचं पान आलं की अख्खा वर्ग माझ्याकडं वळून बघतो." वरून आणखी, "तुमच्या पुस्तकात होती का तुमच्यासारखी मुलं?" सिग्नल सुटला म्हणून मीपण सुटलो. पण टोचत राहिलं, म्हणून लिहायलोय.

नव्हती गं. म्हणजे मराठीच होती, रंगानंपण आपल्यासारखीच, पण ती समुद्रावर जायची, वाळूचे किल्ले करायची, आणि आमच्याकडं तेरणा नदी, तीपण उन्हाळ्यात नुसते दगडगोटे. त्यांच्या घरात कुणी 'काय करलालास' म्हणायचं नाही. मी एकदा वर्गात 'जेवलालो' म्हणालो तर गुरुजींनी फळ्यावर दहा वेळा 'मी जेवत आहे' लिहायला लावलं, पोरं हसली, आणि घरी आज्जी म्हणाली, जेवत आहे म्हणल्यावर पोट जास्त भरतंय का रे? मला हसू आलं नाही. पुस्तकातली भाषा खरी आणि आज्जीची गावंढळ, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. मम्मीला विचार, फोनवर अनोळखी माणूस असला की अजूनपण माझा आवाज बदलतो.

आमच्या औशाकडच्या गावांची नावं छापलेली मी पहिल्यांदा वाचली ती १९९३ च्या भूकंपानंतर, पेपरात. किल्लारी सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाली, पण ढिगाऱ्यासकट. येळवस, म्हणजे आपला अमावास्येचा शेतातला सण, त्यातली कडब्याची कोप, भज्जी, हुरडा, हे कुठंच नाही. आपण डिसेंबरात बाल्कनीतल्या बर्फात पाच खडे मांडून आंबिल शिंपडतो ना, ते तुला वर्गात सांगता येत नाही म्हणतेस, बरोबरय, मलापण धड सांगता येत नाही. आबा करायचे म्हणून करतो.

तर मिसला मेल लिहायच्या आधी मी थोडं वाचलं. इथं अमेरिकेत, आपल्याच विस्कॉन्सिनात, मॅडिसनच्या विद्यापीठात मुलांच्या पुस्तकांची लायब्ररी आहे, त्यांनी १९८५ साली मोजलं (माझा जन्मपण त्याच वर्षीचा), तर त्या वर्षीच्या अंदाजे २,५०० पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची फक्त १८. तिथं आपण कुठं असणार! रुडीन सिम्स बिशप नावाच्या प्राध्यापक बाईंनी १९९० मध्ये लिहिलं की पुस्तक कधी खिडकी असतं, दुसऱ्याचं जग दाखवणारी, कधी आरसा, आपलंच दाखवणारा. मला लई पटलं, मेलमध्येपण टाकलं. पण तोच आरसा सगळ्या वर्गासमोर एकाच पोरीपुढं धरला तर तिला कसं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि सातपैकी पाच पुस्तकं सणाची, ही चूक माझीच. सापडली ती उचलली. आपली पोरगी पुस्तकात यायची तर दर वेळी लेहंगाच घालून यायची का? तिचा एक बूट हरवू दे, तिचं भावाशी भांडण होऊ दे.

अजून एक. आमच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती, पाढ्यात माझ्या पुढं. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यातच परत, आणि चौथीनंतर आलीच नाही. माझी भाषा पुस्तकात नव्हती म्हणून मी इतकी वर्षं रडतोय, तिचं तर जगणंच नव्हतं, आणि ते तेव्हा मला दिसलंपण नाही. मग मिसला मेल लिहिणारा मी कोण, असंपण रात्री वाटून गेलं.

तरी पुस्तकं परत मागणार नाही, सांगून ठेवतो. पण पुढची यादी फ्रिजवर लावलीय, बाजूला पेन्सिल आहे, नको वाटेल त्यावर काट मार. शुक्रवारी मेल पाठवायचाय, त्याच्या आधी.

पप्पा