टोइंगवाल्याने गाडीची वाट लावली, आता काय करू?

प्रश्न : घोडबंदर रोडवर गायमुखजवळ गाडी बंद पडली म्हणून टोइंगवाला बोलावला, त्याने मागून उचलून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत गॅरेजला नेली. आता मागच्या बंपरला तडा आहे आणि गिअर टाकला की कर्र आवाज येतो. ऑटोमॅटिक आहे. तो म्हणतो, आधीपासूनच असेल. – एक वाचक, ठाणे

उत्तर : वाचून फार वाईट वाटलं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ती अशी ओढायचीच नसते, कारण इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला ऑइल पंप बंद, आणि चाकं फिरली की आतले पार्ट सुके घासतात. तिला फ्लॅटबेडच लागतो, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, हे त्याला माहीत असायलाच हवं होतं.

लगेच रिपेअरला टाकू नका हां. आधी फोटो काढा, हुकाचा ओरखडा अगदी जवळून, आणि मेकॅनिककडून कारण लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. पावती, यूपीआयचा मेसेज, कॉल लॉग सगळं जपून ठेवा. मग टोइंगच्या मालकाला लेखी कळवून भरपाई मागा. इन्शुरन्सवाल्यांनाही आत्ताच कळवा, पण खर्च थोडाच असेल तर क्लेम करून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घालवायचा का, ते बघा.

मालक दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तरी नाही जमलं तर ठाण्यातच जिल्हा ग्राहक आयोग आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात केस टाकता येते, मुदत 2 वर्षं, आणि टोइंगच्या बिलाएवढ्या रकमेला फी पण नाही.