वाचकांचे प्रश्न : जुन्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपचा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस उतरवण्यापूर्वी

प्रश्न : माझ्याकडे जुनी पिकअप असून तिची पुढची चाके गरज असेल तेव्हाच लिव्हरने ताकदीला जोडता येतात. वेग वाढला की पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (पुढच्या अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसमधून, म्हणजे कोनात फिरू शकणाऱ्या जोडातून, खडखड ऐकू येते. शिवाय ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या व मागच्या शाफ्टला देणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकातून तेल गळते. पुढचा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस स्वतःच उतरवण्याचा माझा विचार आहे. नवे भाग मिळेपर्यंत पुढच्या शाफ्टशिवाय गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर : आपण लिहिलेले दोष दोन आहेत आणि वर्णनावरून तरी त्यांपैकी एकासाठीही ट्रान्सफर केस खाली घ्यावी लागेल असे दिसत नाही, म्हणून तो बेत तूर्त बाजूला ठेवावा. मागच्या टोकाची गळती बहुतेक वेळा आउटपुट शाफ्टच्या (ताकद बाहेर देणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीतून, होते आणि अनेक जुन्या गाड्यांत मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून टोकाचा फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती) ओढून काढला की ते सील ट्रान्सफर केस जागेवर असतानाच बदलता येते. मात्र त्याआधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) अवश्य तपासावा. तेल तापले की आतली हवा प्रसरण पावते; ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर तिला बाहेर पडायला वाट उरत नाही, आतला दाब वाढतो आणि तेल सीलच्या कडेतून बाहेर रेटले जाते. अशा स्थितीत बसवलेले नवे सीलही थोड्याच काळात गळू लागते. फ्लँजच्या ज्या गोलाईवर सील घासते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर केवळ सील बदलून भागणार नाही.

ट्रान्सफर केस खरोखरच उतरवावी लागते ती तिच्या आणि गिअरबॉक्सच्या मधले सील गेल्यावर. गिअरबॉक्समधले तेल कमी होत असेल आणि ट्रान्सफर केसचा भरणीचा बोल्ट उघडताच जादा तेल बाहेर येत असेल, तर गळती आतल्या आत होत आहे असे समजावे. तपासणी असो वा तेलबदल, आधी भरणीचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे आणि मगच निचऱ्याच्या बोल्टाला हात लावावा. नाहीतर तेल काढून झाल्यावर भरणीचा बोल्ट गंजून बसल्याचे कळते आणि गाडी जागीच अडकते. निचऱ्याच्या बोल्टाला चुंबक असल्यास त्यावरचा राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज होय. लोखंडाचे कण किंवा दातांचे तुकडे हाताला लागले तर मात्र ट्रान्सफर केस उघडण्याला पर्याय नाही.

आता आवाजाविषयी. पुढच्या चाकांना मोकळे करता येणारे हब (चाक अॅक्सलच्या दांड्यापासून सोडवणारी मधली जोडणी) असतील, तर ते मोकळे करून, लिव्हर दोन चाकांच्या स्थितीत ठेवून गाडी चालवून पाहावी. दोन्ही हब मोकळे असताना पुढचा शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे खडखड थांबली तर दोष त्याच बाजूला आहे, आणि नवा क्रॉस मिळेपर्यंत शाफ्ट न काढताही आपले काम भागेल.

हबची अशी सोय नसेल, तर आपल्या प्रकारच्या गाडीचा पुढचा शाफ्ट काढून मागच्या दोन चाकांवर ती चालवता येते. मात्र शाफ्ट फ्लँजला बोल्टांनी जोडलेला आहे, की त्याचे सरकते टोक थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरते, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकारात शाफ्ट निघताच तेथून तेल वाहू लागते आणि ते तोंड योग्य बुचाने बंद केल्याशिवाय गाडी हलवू नये. शाफ्ट नसेपर्यंत लो रेंज (ट्रान्सफर केसची कमी वेगाची, जास्त ताकदीची स्थिती) वापरू नये, कारण एरवी दोन अॅक्सलांत वाटला जाणारा वाढीव पीळ एकट्या मागच्या अॅक्सलवर येतो. ज्या गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असून मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) असते, त्यांना हा सल्ला लागू नाही. तिथे मधले डिफरन्शियल लॉक केले नाही तर सारे फिरणे मोकळ्या टोकाकडे जाते आणि गाडी जागची हलत नाही.

शाफ्ट सोडवण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर, तसेच शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाने किंवा पंचने समोरासमोर खुणा कराव्यात. या कामातली हीच पायरी सर्वाधिक टाळली जाते आणि तिचेच परिणाम सर्वाधिक भोगावे लागतात. क्रॉसचा जोड कोनात फिरतो तेव्हा जोडापलीकडच्या भागाचा वेग एकसारखा राहत नाही. 10 अंशांच्या कोनात तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढतो आणि तितकाच घटतो. साध्या, दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असावे लागतात. सरकता जोड एका दाताने जरी चुकीचा बसला, तरी नवा क्रॉस घालूनही थरथर कायम राहते. एक टोक सोडवल्यावर शाफ्ट दुसऱ्या टोकावर लोंबकळू देऊ नये आणि क्रॉसच्या मोकळ्या टोप्या चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया सांडणार नाहीत.

सीलसाठी मागचा शाफ्ट काढाल तेव्हा विशेष सावध राहावे. दोन चाकांच्या स्थितीत गिअरने रोखून धरलेली गाडी त्याच शाफ्टच्या आधाराने उभी असते. काही जुन्या गाड्यांत तर हँडब्रेकचा ड्रमही ट्रान्सफर केसच्या मागे असतो. अशा गाडीचा मागचा शाफ्ट निघाला की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. म्हणून सपाट, पक्क्या जमिनीवर चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावल्याखेरीज आणि गाडी उचलली असल्यास ती भक्कम स्टँडवर टेकवल्याखेरीज खाली शिरू नये; नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये.

एवढे करूनही ट्रान्सफर केस उतरवायचीच वेळ आली, तर जोडीला माणूस घ्यावा. ओतीव लोखंडाच्या जुन्या ट्रान्सफर केसचे वजन 50 किलोच्या वर जाऊ शकते. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचे मागचे माउंटिंग आडव्या क्रॉसमेंबरवर टेकलेले असते, त्यामुळे तो सोडवण्यापूर्वी गिअरबॉक्सला खालून आधार द्यावा. नाहीतर इंजिन मागे कलते, पंखा रेडिएटरच्या आवरणाला लागतो आणि होजवर ताण येतो.

प्रश्न : माझ्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. एका बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळले तरी ताकद पोहोचवणारा जोड) तुटला आहे. तो शाफ्ट पूर्ण काढून गाडी चालवावी का?

उत्तर : हब कोणत्या जातीचा आहे ते कळल्याशिवाय तसे करू नये. अनेक हबमध्ये सीव्ही जॉइंटचा बाहेरचा दांडा आणि त्यावरचा मोठा नट मिळून चाकाच्या बेअरिंगचे दोन भाग आवळून धरतात. दांडा काढून गाडी नुसती ढकलली तरी असे बेअरिंग बिघडू शकते आणि चालवल्यास चाक निखळण्याचा धोका असतो. अशा गाडीत जॉइंट उकलून फक्त बाहेरचा दांडा हबमध्ये परत बसवावा, त्याचा नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा आणि डिफरन्शियलकडचे उघडे तोंड बुचाने बंद करावे.