रविवारी गावी येऊ नको

प्रिय मुला,

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ओट्यावर बसून तू म्हणालास, "सर, तिथं होस्टेलवर माझं कोणीच नाही. बीएस्सी कशाला करतोय तेही समजत नाही." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. मला एकच खटकतं. शनिवारचं प्रॅक्टिकल संपलं की तू एसटी धरतोस आणि सोमवारी सकाळी परत. मग तिथं तुझं कोणी होणार कसं? रविवारी गावी येऊ नको.

रविवारी रात्री मेस बंद असते. मग कुणाच्या तरी खोलीत खिचडी पडते. एकाचे तांदूळ, दुसऱ्याचं घरचं तिखट, तिसरा नुसताच भुकेला. ताटं पुरत नाहीत म्हणून पातेल्याच्या झाकणात वाढून घ्यायचं. धारणीचा पोरगा मिठावरून दर्यापूरच्या पोराशी भांडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच त्याला जर्नल उतरवायला देतो. त्या पंगतीला तू एकदाही बसला नाहीस आणि मला म्हणतोस, माझं कोणी नाही!

पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेत शिकून आले. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, पण त्याआधी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं केलं, सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र राहावं म्हणून. खेड्यातल्या पोराला आधी काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं.

आणि कशासाठी शिकायचं, हे एसटीच्या खिडकीशी बसून सुचत नसतं बाबा. आपण खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी आहे, पण खारट, पिकाला द्यायची सोय नाही. दिवाळीनंतर जाताना त्या पाण्याची बाटली भरून ने. केमिस्ट्रीच्या सरांना विचारून त्यातलं क्लोराइड स्वतः मोज. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दे. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. प्रमाणपत्रासाठी जाऊ नको, फावडं हातात घे. ही कामंही बहुतेक रविवारीच निघतात.

मीही असाच रविवारी शहरात राहिलो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई एकटी वावरात आणि पोरगा शहरात, म्हणून भावकीनं नावं ठेवली. एका दिवाळीला गेलो नाही, आईची ती शेवटची दिवाळी ठरली. ती हळहळ माझ्यासोबतच जाईल. तरी सांगतो, मी राहिलो ते बरोबरच केलं. पुढं गावासाठी जे थोडंफार जमलं, ते त्या रविवारच्या दोस्तांच्या बळावर. त्यातला एक एसटीत लागला. तू ज्या गाडीनं शनिवारी येतोस ना, ती आपल्या फाट्यावर थांबते ती त्याच्याच खटपटीनं. कोण काय म्हणेल ते म्हणो, रविवारी येऊ नको.

तुझ्या बाबांशी मी बोललो आहे. पहिल्या वेचणीला बाया मी पाहून देतो. आई रागावली तर माझं नाव सांग. या शनिवारी थांब, आणि खिचडीचे तांदूळ तू घे.

तुझा,
सर