वाचकांचे प्रश्न : युद्धकैद्याला मारावे की सोडावे?

प्रश्न : मी सातारा तालुक्यातील निवृत्त सुभेदार आहे. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानी कैद्यांच्या छावणीवर मी पहाऱ्याला होतो. त्यांचे रेशन, पत्रे, औषधपाणी सारे जिनिव्हा कराराप्रमाणे चाले. परवा पारावर एकाने सांगितले, की इस्लामी कायद्यात कैद्याला मारण्याचीच आज्ञा आहे. दुसरा म्हणाला, सोडण्याचीच आहे. खरे काय?

उत्तर : सुभेदारसाहेब, दोघांच्याही म्हणण्याला आधार सापडतो, टिकत नाही तो दोघांचा ‘च’. कुराणाच्या ४७व्या सुरेतील (अध्यायातील) चौथी आयत (वचन) सांगते, की रणात शत्रूच्या मानांवर घाव घाला, तो पुरता नमला की त्याला बांधा, आणि मग उपकार म्हणून सोडा किंवा मोबदला घेऊन सोडा. लढतानाची आज्ञा आणि पकडल्यानंतरची आज्ञा एकाच आयतीत असल्यामुळे ती अर्ध्यावर तोडली की पहिल्या गृहस्थांना हवा तो अर्थ निघतो.

इ. स. ६२४ मध्ये पैगंबर मुहंमदांचे मदिनेतील अनुयायी आणि त्यांचे विरोधक मक्कावासी यांच्यात बद्रची लढाई झाली, तीत सुमारे ७० मक्कावासी पकडले गेले. त्यांतील दोघांना ठार करण्यात आले. बाकीच्यांकडून ऐपतीप्रमाणे चार हजार दिरहमांपर्यंत मोबदला घेतला गेला, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण अक्षरओळख होती, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवून सुटका मिळवली. कैद्यांत अबू अझीझ होता. त्याचा सख्खा भाऊ मुसअब मुसलमानांच्या बाजूने लढला होता, आणि त्याने पकडणाऱ्याला बजावले, ‘याला घट्ट बांध, याची आई पैसेवाली आहे.’ हाच अबू अझीझ पुढे सांगत असे, की पकडणारे स्वतः खजूर खात आणि रोटी मला देत. लाजून मी ती परत केली, तरी ते तिला हात न लावता पुन्हा माझ्याकडेच सरकवीत. (आपल्याकडे भाकरी रोजची आणि खजूर रमजानचा, तिथे रोटीच दुर्मिळ होती.)

पुढे शाफिई, मालिकी आणि हंबली या कायदेपंथांच्या फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) वध, गुलामी, मोबदला आणि मुक्तता असे चार मार्ग मानले. चौथ्या, हनफी पंथाच्या फकीहांना कैदी फुकट सोडणे मान्य नव्हते, कारण तो पुन्हा शस्त्र घेऊन समोर उभा राहील. उलट आरंभीच्या काळातील विद्वान हसन बसरींना कैद्याचा वध नापसंत होता. स्त्रिया आणि मुले यांना मारण्यास मनाई होती, पण गुलामीतून ती सुटत नसत, हेही लपवू नये. निर्णय मात्र शिपायाचा नव्हे, राज्यकर्त्याचा. म्हणूनच ११८७ मध्ये ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांविरुद्धच्या हत्तीनच्या लढाईनंतर सुलतान सलाउद्दीनने जेरुसलेमचा राजा गी याला थंड पाणी देऊन अभय दिले, आणि त्याच विजयानंतर टेम्प्लर व हॉस्पिटलर या ख्रिस्ती लढाऊ संघांच्या सरदारांची मात्र कत्तल करविली. कायदा एकच, कैदीही एकाच लढाईतले.

आधुनिक काळातील अनेक मुस्लिम विद्वान मूळ आयतीतील दोनच मार्ग ग्राह्य धरतात, आणि मुस्लिम देशही १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने बांधलेले आहेत. आपण ज्यांच्यावर पहारा दिलात, त्यांच्या देशाने हा करार १९५१ मध्ये स्वीकारला; भारताने त्याच्या आदल्याच वर्षी.